विद्यापीठाचे दार

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त एकलहरे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या प्रसंगी व्याख्यात्याने मंडळीचा इतिहास सांगावा अथवा चार उपदेशाचे शब्द बोलावेत, अशी आपल्याकडील रीत आहे. परंतु आपल्या व्यवस्थापकांनी मजकडे जो विषय सोपविला तो काहीसा निराळा आहे. विद्यापीठाच्या परिवारात ज्यांनी पुढारीपण केले आणि त्यापायी जे सोसावे लागले ते सोसले, अशा व्यक्तींचा जीवनक्रम सांगावा, अशी त्यांची इच्छा. विद्यापीठ म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे घड्याळाचा उंच मनोरा, काळे झगे ल्यालेले पंडित आणि लांबलचक पदव्या उभ्या राहतात. कुलगुरूंची चरित्रे सांगून हा तास मला सुखाने काढता आला असता. तथापि, ज्यांस विद्यापीठाचे दार आपोआप उघडले त्यांच्या कथेत सांगण्यासारखे थोडेच असते. मी आज मुख्यत्वे तीन स्त्रियांविषयी बोलणार आहे. त्यांपैकी एकीस दार लावलेले आढळले. दुसरीने व तिसरीने, दार लावलेले असो की नसो, आपले निराळे घर बांधावयास हातभार लावला. त्यांतील पहिली तर आपल्याच नाशकात जन्मली, आणि ती ख्रिस्ती होती. एवढे असूनही आपल्यापैकी कितीजणांनी तिचे नाव ऐकले असेल याची मला शंकाच आहे.

कुमारी कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळातले. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढे मिशनचे काम पत्करले. आई फ्रान्सिना यांचा जन्म हिंदू घरातला. त्यांस एका इंग्रज दांपत्याने कन्येप्रमाणे वाढविले होते, आणि त्या घरच्या मातोश्रींचे, लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांचे नाव या मुलीस ठेवण्यात आले. हे घराणे अँग्लिकन पंथाचे, आपल्या कॅथलिक मंडळीपैकी नव्हे, हे प्रथमच सांगून ठेवतो. पण नाशिकच्या भूमीवरील ख्रिस्ती माणसांचा इतिहास पंथापंथांच्या कुंपणाने तोडावा असे मला वाटत नाही. त्या काळी नाशकात शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली होती. गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकेतील मुले तेथे शिकत असत. डॉक्टर लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या मंडळीत याच नाशिकच्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट होता. विषयांतर झाले, पण ज्या गावाला आपण केवळ तीर्थक्षेत्र व द्राक्षांचा बाजार म्हणून ओळखतो, त्याच्या पोटात अशाही गोष्टी आहेत.

सोराबजींच्या घरी मुलीच पुष्कळ, आणि त्या सर्वांनी शिकावे असा आईबापांचा निर्धार. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात स्वतः शाळा चालविल्या. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले खरे, परंतु स्त्री परीक्षेस बसू इच्छील ही कल्पनाच त्याच्या नियमकर्त्यांस शिवली नव्हती. कॉर्नेलियाच्या वडील बहिणींस या कारणाने नकार मिळाला. पित्याने त्याविरुद्ध खटपट चालविली. अखेर १८८३ साली विद्यापीठाने आपली परीक्षा स्त्रियांस खुली केली. बहिणींच्या वाट्याला जे आले नाही ते धाकटीच्या वाट्याला आले. दार ठोठावणारा एक आणि आत शिरणारा दुसरा, असे या कामात वरचेवर घडते. आत शिरलेल्याचे नाव राहते. ठोठावणाऱ्याचे राहत नाही.

ज्या डेक्कन कॉलेजात टिळक व आगरकर शिकले, त्याच पुण्याच्या कॉलेजात कॉर्नेलिया दाखल झाल्या. शेकडो पुरुष विद्यार्थी आणि ही एकटी मुलगी. ती वर्गाकडे येताना दिसली की आतले काही विद्यार्थी तिच्या तोंडावर दार लोटून घेत. मी आजचा विषय ‘विद्यापीठाचे दार’ असा ठेवला तो केवळ अलंकारासाठी नव्हे. येथे खरोखरीचे लाकडी दार होते आणि ते खरोखरीच लोटले जात होते. तशातही त्या रोज गेल्या, आणि पदवीपरीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या.

यानंतर जे घडले ते मात्र दार लोटणाऱ्या पोरांच्या खोडीहून अधिक जड होते. त्यांच्या परीक्षेतील स्थानास विलायतेत जाऊन शिकण्याकरिता सरकारी शिष्यवृत्ती लागू होती. ती स्त्रीस देता येत नाही, असा निर्णय झाला. मुले दार लोटतात तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू असते, म्हणून ते उद्या उघडेल अशी आशा राहते. कचेरी दार लोटते तेव्हा नियमाचा आकडा पुढे करते. कॉर्नेलियाबाई या निर्णयाने खचून घरी बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी अध्यापकी पत्करली. विशीबाविशीतली मुलगी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवीत आहे, हे दृश्य १८८८च्या सुमारास किती नवलाचे असेल याची कल्पना आपणच करावी. दरम्यान इंग्लंडात त्यांच्याकरिता वर्गणी जमू लागली. तीत भाग घेणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईही होत्या. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये शिकावयास गेल्या.

ऑक्सफर्डलाही दारे होतीच, फक्त त्यांवर नक्षी अधिक. बाईंनी कायद्याचा अभ्यास केला. बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ ही तेथील कायद्याची कठीण परीक्षा. १८९२ साली तिला बसण्याची वेळ आली तेव्हा, स्त्रीने पुरुषांबरोबर परीक्षागृहात बसावे की न बसावे हा वाद निघाला, आणि अगदी परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाने खास ठराव करून त्यांस परवानगी दिली. त्या बसल्या व उत्तीर्ण झाल्या. वर्ग तिसरा मिळाला. चरित्रकार मंडळी हे शेवटचे वाक्य पुष्कळदा गाळतात. मला ते गाळावेसे वाटत नाही. ज्या परीक्षेस यापूर्वी कोणतीही स्त्री बसली नव्हती, जिला बसावयास मिळेल की नाही हेच आदल्या दिवसांपर्यंत ठाऊक नव्हते, तीत मिळालेला तिसरा वर्ग हा कित्येकांच्या पहिल्या वर्गाहून मला मोलाचा वाटतो. परंतु पदवी? ती मिळाली नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाने स्त्रियांस पदव्या देण्यास १९२० साली आरंभ केला, आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती त्यांची पदवी १९२२ साली पडली. परीक्षा पंचविशीत, पदवी पंचावन्नाव्या वर्षी. तीस वर्षे!

ही तीस वर्षे त्यांनी काय केले, हाच त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. हिंदुस्थानात परत आल्यावर वकिलीची सनद मिळेना, कारण तोही व्यवसाय पुरुषांचा. १८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षा दिली, १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. परीक्षा देता येई, सनद मात्र येत नसे. तेव्हा त्यांनी असे एक काम हुडकून काढले की जे पुरुष वकिलास करताच येण्यासारखे नव्हते. बंगाल, बिहार या प्रांतांत मोठमोठ्या जमीनदारांच्या विधवा पडद्याआड राहत. त्यांच्या नावे मालमत्ता असे, परंतु त्यांस वकील पाहू शकत नसे, त्या वकिलाशी बोलू शकत नसत. पडद्याच्या फटीतून कागद आत जाई आणि अंगठा उठून बाहेर येई. त्या कागदावर काय लिहिले आहे हे दिवाणजी सांगेल ते खरे. अशा स्त्रियांची व अज्ञान मुलांची व्यवस्था पाहणारे कोर्ट ऑफ वॉर्ड्स नावाचे सरकारी खाते होते. तेथे स्त्री सल्लागार नेमावी असा आग्रह कॉर्नेलियाबाईंनी धरला, लेख लिहिले, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या, आणि १९०४ साली ती जागा त्यांनाच मिळाली. पालखीतून, बैलगाडीतून, होडीतून प्रवास करीत त्या या अंतःपुरांत शिरत, कागद वाचून दाखवीत, मुलांच्या शिक्षणाची सोय लावीत. सुमारे वीस वर्षांच्या काळात सहाशेहून अधिक स्त्रिया व मुले यांचे काम त्यांनी पाहिले असे सांगतात. स्त्रियांस वकिली करण्यास मनाई नाही असा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला, आणि त्यानंतर बाई कलकत्त्यास रीतसर वकिली करू लागल्या. त्या वेळी त्यांचे वय सत्तावन्नाच्या घरात होते.

येथे एक गोष्ट न लपविता सांगितली पाहिजे. कॉर्नेलियाबाई ब्रिटिश राज्याच्या पक्षपाती होत्या. गांधीजींची चळवळ त्यांस मुळीच मानवली नाही. मिस मेयो या अमेरिकन बाईने १९२७ साली हिंदुस्थानची नालस्ती करणारा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याची त्यांनी बाजू घेतली व त्यामुळे अनेक स्नेही दुरावले. पुढे त्या लंडनला राहावयास गेल्या आणि तेथेच १९५४ साली वारल्या. नाशिककरांस त्यांची आठवण न राहण्याचे हे एक कारण असावे. माझे स्वतःचे मत असे की, या बाबतीत त्यांची दृष्टी चुकली. ज्या सरकारने शिष्यवृत्ती नाकारली त्याच्याच छायेत त्यांस आपल्या देशभगिनींचे कल्याण दिसावे, हे दुर्दैव होय. परंतु राजकारणात चुकलेल्या माणसाचे सारे जीवित बुडाले असे मानावयाचे ठरविले तर आपल्या भिंतींवर थोड्याच तसबिरी शिल्लक राहतील. लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. नाशकात मात्र त्यांचे नाव सांगितले तर लोक अजून ‘कोण त्या?’ असे विचारतात.

आता दुसरी कथा. तिचा आरंभ एका तारखेपासून करतो. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन ही विधवांकरिता शाळा उघडली. रमाबाई या संस्कृत पंडिता. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. शारदासदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातील देवरुखची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे चूल व शेण. प्रौढ वयात ती अक्षरे गिरवावयास बसली. सदन पुढे पुण्यास गेले. आणि ११ मार्च १८९३ रोजी, शारदासदनास बरोबर चार वर्षे पूर्ण होत असता, गोदूबाईने पुण्यात फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे या विधुराशी पुनर्विवाह केला. गोदूबाईची आनंदीबाई झाली.

कर्वे यांची कीर्ती आपण शाळेच्या पुस्तकांत वाचलेली आहे, म्हणून ती थोडक्यातच सांगतो. १८५८ साली कोकणात जन्म, मुरूड हे गाव. सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेकरिता शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास जातो, आणि तेथील साहेब त्याचे अंग पाहून म्हणतात की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परीक्षेस बसू देत नाहीत. पुनर्विवाहानंतर मुरूडच्या मंडळींनी त्यांजवर बहिष्कार घातला. त्याच मुरूडसाठी हे गृहस्थ आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून आधीपासूनच ‘मुरूड फंड’ म्हणून पैसे बाजूस ठेवीत आले होते. १८९६ साली त्यांनी अनाथबालिकाश्रम मंडळी स्थापिली; प्लेगाच्या दिवसांत, १९०० साली, आश्रम पुण्याबाहेर हिंगणे या ओसाड जागी गेला. आज त्या भागास कर्वेनगर म्हणतात व तेथे ओसाड असे काही उरलेले नाही. जमीन एका सद्गृहस्थाने दिली, वर एक झोपडी बांधण्यापुरते पैसे दिले. प्राध्यापक दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत आणि संध्याकाळी कित्येक मैल चालत हिंगण्यास जात. पावसाळ्यात वाट चिखलाची, हातात आश्रमाचे सामान.

पण मी आपणांस विचारतो, या काळात प्राध्यापकांचे घर कोण चालवीत होते? त्यांच्या पगारातले बरेचसे आश्रमाकडे जात होते. घरात मुले होती. बहिष्कारामुळे नातलगांचे दार बंद होते. आनंदीबाईंनी आपल्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात हे सारे कसलाही आव न आणता सांगितले आहे. मुले मागे ठेवून त्या नागपुरास जाऊन सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या, ते हौसेने नव्हे. घरात चार पैसे यावेत व नवऱ्याचे सार्वजनिक काम चालू राहावे म्हणून. थोर पुरुषाच्या त्यागाची गणना करताना आपण एक चूक नेहमी करतो. तो जे देतो ते सर्व त्याच्या एकट्याच्या खात्यावर जमा धरतो. त्यातले अर्धे, कधी त्याहून अधिक, त्याच्या स्वयंपाकघरातून गेलेले असते. अण्णासाहेब कर्वे १९६२ साली, एकशेचार वर्षांचे होऊन वारले. त्यांस भारतरत्न मिळाले. आनंदीबाई १९५० सालीच गेल्या. त्यांच्या नावापुढे एकही पदवी नाही.

आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. ही माझी तिसरी स्त्री, आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत आवडती. १८७० साली जन्म, विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य, पदरी एक मुलगा. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन झालेले, अंगावर तांबडे लुगडे. १८९६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्या पुण्यास येऊन शिकू लागल्या. ज्या वयात इतर स्त्रिया सुनांची वाट पाहू लागत, त्या वयात ही बाई पाटी घेऊन बसली. पुढे त्या आश्रमाच्या कामात पडल्या. वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या, सभांतून बोलल्या. सोवळ्या विधवेचाच वेष घालून स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारी बाई पाहून सनातनी मंडळीचाही विरोध नरम पडे. १९१२च्या सुमारास त्यांनी तो वेषही सोडण्याचा निश्चय केला, आणि तेव्हा आजवर ऐकून घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी नाके मुरडली. वेष बदलला, बाई तीच होती.

इकडे कर्वे यांच्या हाती जपानमधील टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका पडली. १९१५ साली मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांजकडे होते. त्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ असावे अशी कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी, १९१६ साली, ती अमलात आणली. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिले कुलपती झाले व रँग्लर परांजपे कुलगुरू. सरकारी सनद नाही, इमारत नाही, ठेव नाही. महाविद्यालयाच्या वर्गात विद्यार्थिनी पाच. पाच! आज शिकवणीच्या वर्गात पाच मुले आली तर मास्तर वर्ग बंद करतो. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले, इंग्रजी हा विषय म्हणून ठेवला. गांधीजींस यातील मातृभाषेचा भाग मनापासून पटला. इंग्रजी सक्तीचे असावे हे पटले नाही. पदवीस बी. ए. म्हणावयाचे नव्हते, म्हणून ‘गृहीतागमा’ असे सुंदर संस्कृत नाव दिले व वरच्या पदवीस ‘प्रदेयागमा’. ज्या मुली गृहीतागमा झाल्या त्यांस बाहेर नोकरी मागताना या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत असेल. सरकारी मान्यता नसलेली पदवी घेणे हे त्या मुलींचे धैर्य होते, आणि त्याची नोंद कोठेच फारशी केलेली आढळत नाही.

आता पार्वतीबाईंकडे वळतो. संस्थेच्या कामासाठी फिरताना त्यांस एक उणीव सारखी बोचे. इंग्रजी येत नाही. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस निघाल्या. महायुद्ध अजून संपले नव्हते. पॅसिफिक महासागर ओलांडून ही कोकणस्थ विधवा पलीकडच्या किनाऱ्यावर उतरली. तेथे ओळखीदेखीचे कोणी नाही, भाषा येत नाही, पैसे पुरत नाहीत. मग तिने काय करावे? लोकांच्या घरी मोलकरणीचे काम पत्करले. भांडी घासली, घरे झाडली, आणि घरातल्या माणसांशी बोलता बोलता इंग्रजी शिकली. देशात ज्या बाईस सभेत खुर्ची मिळत असे ती परक्या देशात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि याची तिला लाज वाटली नाही. विद्यापीठाच्या परिवारातील पुढारीपण मजला कोणी एका चित्रात दाखवावयास सांगितले, तर मी पदवीदानाच्या मंडपाचे चित्र काढणार नाही. अमेरिकेतल्या त्या स्वयंपाकघराचे काढीन.

सुमारे दोन वर्षांनी, १९२० साली, पार्वतीबाई परत आल्या. त्याच वर्षी मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या स्मरणार्थ विद्यापीठास १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली, आणि विद्यापीठाचे नाव त्यावरून पडले. आज आपण त्यास एस. एन. डी. टी. म्हणतो आणि ती अक्षरे एका मातेच्या नावाची आहेत हे विसरतो. १५ लाखांमुळे विद्यापीठ तरले यात संशय नाही. परंतु १५ लाख मिळण्याच्या आधी चार वर्षे ते ज्या चार-आठ आण्यांवर जगले, ते गोळा करणाऱ्यांत पार्वतीबाई होत्या. अण्णासाहेब स्वतः १९२९ साली, सत्तराव्या वर्षानंतर, पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांस भेटले. नंतर आफ्रिकेतही झोळी घेऊन हिंडले. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले, आणि कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली, म्हणजे स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी. त्या वेळी सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या. पार्वतीबाई तो दिवस पाहावयास हयात होत्या. त्यांचे देहावसान १९५५ साली झाले. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले, आणि ते इंग्रजीत नेले एका अमेरिकन मिशनऱ्याने, रेव्हरंड जस्टिन ॲबट यांनी. पाहा, शारदासदनाच्या ख्रिस्ती बाईने जिच्या बहिणीस अक्षरे शिकविली, तिची कहाणी जगास सांगावयास पुन्हा एक ख्रिस्तीच मिळाला. मध्यंतरी १८९३ साली शारदासदनातील धर्मांतरांवरून पुण्यात जे वादळ उठले, पालकांनी मुली काढून नेल्या, त्याचा कडवटपणा दोन्ही बाजूंस पुष्कळ वर्षे राहिला. तरीही ही देवघेव तुटली नाही.

आपण म्हणाल, हे सर्व पुण्यामुंबईचे व ऑक्सफर्डचे झाले. एकलहऱ्याशी याचा काय संबंध? संबंध आहे. गोदावरी नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूर धरणातून सुटते आणि गाव ओलांडून खाली आपल्याकडे येते. त्या धरणाच्या बाजूस गोवर्धन येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले. हे गृहस्थ पदार्थविज्ञानाचे अध्यापक. पुराणिक यांच्यासह त्यांनी लिहिलेले यांत्रिकीचे पुस्तक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे चालले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी आधीच भूषविले होते. इतक्या मानाच्या जागेवरून उतरल्यावर मनुष्य साधारणतः सत्कार स्वीकारीत बसतो. ताकवले यांनी मात्र भिंती नसलेल्या, वर्ग नसलेल्या, पोष्टाने पुस्तके पाठविणाऱ्या विद्यापीठाचे काम अंगावर घेतले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य. ज्यांची शाळा लहानपणीच सुटली अशा प्रौढांकरिता आरंभीच्या काळात पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढण्यात आला, तो या विद्यापीठाचा सर्वांत धाडसी विचार होय. ‘तुझे वय निघून गेले’ हे वाक्य ज्याने त्याने पार्वतीबाईंस ऐकविले असेल. या विद्यापीठाने ते नियमांतूनच काढून टाकावयाचा प्रयत्न केला. अशा पदव्यांना कमी लेखणारे आजही भेटतात. गृहीतागमा पदवीसही लोक हसलेच होते. ताकवले २०२३ साली निवर्तले.

तेव्हा दार आता नाशकातच आहे आणि ते कोणी तोंडावर लोटीत नाही. मग आपल्या मंडळीतल्या बायका, पाळीवर जाणारे पुरुष, दहावीस अडखळून थांबलेली मुले आत का जात नाहीत? मी याविषयी थोडी चौकशी केली. फीची अडचण काहींस आहे, परंतु बहुतेकांनी जी अडचण सांगितली ती अशी: घरात दोन खोल्या, त्यात सहा माणसे, दूरचित्रवाणी चालू, आणि आई पुस्तक घेऊन बसली की कोणास तरी त्याच घटकेस चहा हवा असतो. म्हणजे आनंदीबाईंच्या घरचाच प्रश्न. येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. या गावची वीज दूरदूरच्या घरांत दिवे लावते. दिव्याची वाण एकलहऱ्यास नाही. वाण आहे ती एका शांत जागेची आणि रोज दोन तासांच्या सुटकेची.

यास्तव मी एक मागणी करून खाली बसतो. धर्मग्रामाचे सभागृह ज्युबिलीचे कार्यक्रम आटोपले की पुन्हा रविवारपर्यंत कुलूपबंद राहील. ते संध्याकाळी सात ते नऊ उघडे ठेवावे, चार बाके व एक टेबल मांडावे, आणि जो कोणी पुस्तक घेऊन येईल त्यास, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तेथे बसू द्यावे. आईला तेवढा वेळ सुटता यावे म्हणून घरच्या पुरुषांनी भाकरी थापावयास शिकावे. ती मी म्हणतो तितकी अवघड नाही, पहिल्या आठवड्यात मात्र ती गोल होत नाही. ही विनंती मी व्याख्यानापूर्वीच फादरांच्या कानी घातली. त्यांनी मजला एकच प्रश्न विचारला, किल्ली कोणापाशी ठेवावयाची? ज्यांस ती सांभाळावयाची असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यांस भेटावे.